दादाचे पाय कोण चालवत होतं?

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी हसायला म्हणून वाचते. वडाखालची बाई, उलटे पाय, नेमकी स्मशानापाशी बंद पडणारी मोटारसायकल... वाचायचं, नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून खिदळायचं. आमचं घर बौद्ध, वडील शाळामास्तर. नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. लहानपणी मी एकदा मांजर आडवं गेलं म्हणून थांबले, तर नानांनी (वडिलांना आम्ही नाना म्हणतो) मला मुद्दाम त्याच रस्त्यानं परत परत चालायला लावलं होतं. त्यात मी फिजिओथेरपिस्ट. स्नायू आणि नसा यांच्यावरच माझं पोट चालतं. तेव्हा पुढचं सगळं खोटं आहे असं कुणी मला पटवून दिलं, तर मी त्याला घरी जेवायला बोलावीन.

गाव हट्टा, तालुका वसमत. आता जिल्हा हिंगोली लागतो, पण तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. साल सत्त्याण्णव. उन्हाळा लागलेला, गावभर हळद शिजवल्याचा वास, आणि माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली.

सिद्धार्थ माझा मोठा भाऊ. मी त्याला दादा म्हणते, गाव सिद्धू म्हणायचं. भाड्यानं सायकली द्यायचं त्याचं दुकान होतं. त्याआधी त्यानं पोलीस भरतीची तयारी केली होती, आणि परभणीच्या मैदानावर धावताना शेवटच्या फेरीत त्याच्या पायांनी दगा दिला. मटकन खाली बसला. गावात ही बातमी त्याच्या आधी पोचली. तेव्हापासून त्याचं नाव पडलं — अर्ध्यातला सिद्धू. चहा पिताना कप खाली ठेवला तरी कुणीतरी म्हणायचं, "का रे, चहा बी अर्ध्यातच?" तो हसायचा. पण मी त्याच्या घरातली, मला माहीत होतं ते हसू कसलं आहे.

आता ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तेव्हा गावोगावी सायकलवाले यायचे. मैदानात मधोमध एक बांबू रोवायचा, त्याच्याभोवती सायकलवर गोल गोल फिरायचं. सात दिवस, सात रात्री. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, बादलीनं अंगावर पाणी ओतून घेऊन अंघोळ सायकलवर. झोपही तिथंच, सोबत्यानं सीट धरून बाजूनं चालत राहायचं आणि यानं डुलकी काढायची. बाकीच्या विधींसाठी ताडपत्रीचा आडोसा असायचा, त्याबद्दल जास्त विचारू नका. नियम एकच — पाय जमिनीला लागता कामा नये. लागला की संपलं.

मी सहावीत असताना असा एक सायकलवाला आमच्या शाळेच्या मैदानात आला होता. उतारवयाचा, बिड्या ओढणारा, बारीक माणूस. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो, त्यांच्या बायकोला मामी. आम्ही खाली मातीत बसून बघायचो, त्यामुळं आमच्या डोळ्यांसमोर दिवसभर मामांचे पायच असायचे. सगळी दुनिया चवड्यानं पायडल मारते. मामा टाचेनं मारायचे, आणि डावा गुडघा दर फेरीला बाहेर फेकायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करत गल्लीत फिरायचो.

मामी आमच्याशी गप्पा मारायच्या. एकदा म्हणाल्या, "हा माणूस सात दिवस चालून राहिला लेकरांनो, पण पोचंना कुठंच. म्हणून आखरीला कुणीतरी हँडल धरून सांगावं लागतं — उतरा, गाव आलं. पाय मातीला टेकवावं लागतात. न्हाई सांगितलं तर त्याला कसं कळंल? तो चालतच ऱ्हाईल की."

मामा सात दिवस पुरे करू शकले नाहीत. एक-दोन दिवस राहिले असताना, भर दुपारी, हँडलवर कोसळले. चार माणसांनी त्यांना सायकलवरून उचललं ते तसंच जीपमध्ये घातलं. नानाही त्यात होते. मामी जीपच्या दारावर हात आपटत ओरडत होत्या, "पाय टेकवा रे त्यांचे! उतरवा कुणीतरी त्यांना!" कोण ऐकतो? माणूस मरायला टेकलेला, त्याला दवाखान्यात न्यायचं का बायकोचं खूळ ऐकायचं? त्यांच्या जागी मी असते तरी जीपच हाकली असती. मामा वसमतला पोचायच्या आधीच गेले. मामी त्यांना घेऊन त्यांच्या मुलखात निघून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. सायकल शाळेच्या भिंतीला कितीतरी दिवस टेकून होती. पुढं दादानं दुकान काढलं तेव्हा तिला तेलपाणी करून तो ती घेऊन आला.

आणि सत्त्याण्णव साली दादानं ठरवलं, आपण सात दिवस सायकल चालवायची. त्याच मैदानात. त्याच सायकलवर, कारण तिचं सीट रुंद होतं आणि फ्रेम दणकट होती. मायनं डोकं आपटून घेतलं. "काहून असा जिवावर उठलास रे पोरा?" नाना एवढंच म्हणाले, "शरीर काय बैल आहे का रे, हाकलं की चालायला?" दादा ऐकेना. पहिल्या दिवशी सायकलवर टांग टाकायच्या आधी त्यानं मला बाजूला घेतलं.

"वंदे, तू माझ्याकडची. काही बी झालं तरी माझा पाय जमिनीला लागू देऊ नको. शपथ घे."

मी घेतली. सतरा-अठरा वर्षांची होते, भावासाठी शपथ घ्यायला काय जातं?

पहिला दिवस मजेत गेला. स्पीकरवर गाणी, पोरांच्या शिट्ट्या. दादाचा दोस्त रमेश राठोड, शेजारच्या तांड्यावरचा, माईक धरून कॉमेंट्री करायचा. दुसऱ्या दिवशी दादाचे गुडघे धरले, बूड सोललं, मांड्यांत आग पडली. आज मी पेशंटला सांगते, स्नायूत साठवलेली साखर संपली की असंच होतं, गाडी रिझर्व्हला लागते. तिसऱ्या दिवशी मात्र तो एकदम खुशीत आला. "तकलीफच न्हाई राहिली वंदे!" आम्हाला वाटलं, वा, जमलं. आज माझ्यासमोर कुणी असं म्हणालं तर मी त्याला तिथल्या तिथं खाली खेचीन. दुखणं थांबलं म्हणजे शरीर बरं झालं असं नसतं. कधी कधी ते फक्त निरोप पाठवायचं बंद करतं.

मग नसा थकायला लागल्या. आधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं, कारण हँडलवर तळहात दाबून दाबून तिथली नस चेंगरते. त्याच्या हातून पाण्याचा पेला सुटायला लागला. मग जीभ जड झाली. मग तो नसलेल्या फांदीखाली वाकायला लागला. दर फेरीला त्याच जागी मान खाली घालायचा. रमेशनं माईकवरून त्याची पण गंमत केली. लोक हसले, मी पण हसले. पण नंतर मी त्याला ताक द्यायला शेजारून चालत गेले, तर तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाय माझं ऐकून न्हाई राहिले वंदे. मी म्हणतो चला, अन् ते मागून, थोड्या वेळानं चालतात."

मी म्हणाले, "उतर ना मग!"

"अर्ध्यात?" एवढंच म्हणाला.

पाचवा दिवस असेल. दुपारचं ऊन असं की मैदानात चिटपाखरू नाही. चार-दोन म्हातारी माणसं सावलीला, रमेश स्पीकरपाशी. मी घरून पेज घेऊन आले. आले ती जागीच थांबले.

दादाची हनुवटी छातीला टेकली होती. तो चक्क घोरत होता. दोन्ही हात हँडल सोडून खाली लोंबत होते. आणि सायकल चालली होती. नुसती चालली नव्हती, एका लयीत, बांबूभोवती बराबर गोल, जरासुद्धा न डुगडुगता. इतक्या दिवसांत दादानं ती इतकी चांगली कधी चालवली नव्हती.

रमेश आनंदानं ओरडला, "वंदा, बघ की! झोपेत चालवून राहिला गडी!"

मी जवळ गेले. सवयीनं खाली, पायांकडं बघितलं. आणि माझ्या हातातलं पातेलं पडलं.

दादा टाचेनं पायडल मारत होता. डावा गुडघा दर फेरीला बाहेर जात होता.

तुम्ही म्हणाल, दादानंही लहानपणी मामांची नक्कल केली असेल, थकल्यावर ती बाहेर आली. म्हणा. मीही स्वतःला तेच सांगितलं. सायकलच्या शेजारून पळत मी त्याच्या मांडीवर हात ठेवला, त्याला हलवून उठवायला. तिथं मला पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती. मांडी मऊ होती. झोपलेल्या लेकराची असते तशी मऊ, सैल. पाय पायडल दाबतोय, सायकल पळतेय, आणि मांडीत जोर नावालासुद्धा नाही. तुम्ही आत्ता हे वाचता वाचता गुडघ्याच्या वर हात ठेवा आणि पायानं जमीन दाबून बघा. हाताखाली घट्ट लागतं ना? लागायलाच पाहिजे. दुसरा काही मार्गच नाही पाय हलायचा.

मी किंचाळले, "थांबवा त्याला!"

रमेशनं धावत येऊन कॅरिअर पकडलं. म्हातारी माणसं उठली. आणि इथं सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य — "पाय टेकू देऊ नका! त्याचे पाय टेकू देऊ नका!" प्रेमानंच हो. पोराचे इतके दिवस वाया जाऊ नयेत म्हणून. त्यांनी त्याला सीटवरून अलगद वरच्या वर उचललं आणि सावलीत बाजेवर आडवं केलं. पाय जमिनीला लागला नाही याचा रमेशला केवढा अभिमान! बाज म्हणजे सायकलच समजायची, थोडा आराम झाला की परत बसवू, असा त्यांचा हिशेब.

बाजेवर दादाचे पाय चालतच राहिले.

हवेत. गोल गोल. टाच आधी, डावा गुडघा बाहेर. आधी कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग दोघांनी पाय धरले, तर पायांनी त्या दोघांनाच पुढं-मागं हलवलं. मग कुणी हसलं नाही. माय धावत आली, तिनं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा चेहरा शांत, डोळे मिटलेले, ओठ मात्र निळसर पडत चाललेले. गावातले डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शन दिलं, वाट बघितली, नाडी धरली. पाय तसेच. डॉक्टर नानांना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, असंच चाललं तर हृदय किती वेळ टिकेल सांगता येत नाही. वसमतला हलवा." कुणीतरी जीप आणायला पळालं.

जीप... तेच मैदान, तेच दुपारचं ऊन, आणि परत चार माणसं एका माणसाला जमिनीला न टेकवता उचलायला पुढं झालेली. माझ्या कानात मामींचा आवाज घुमायला लागला. मी नानांचा हात धरला.

"नाना, त्याचे पाय टेकवा आधी. मामी म्हणायच्या तसं. त्याला सांगायला पाहिजे, उतर म्हणून."

मला वाटलं आता कानाखाली बसणार. आयुष्यभर ज्या माणसानं शाळेत पोरांच्या गळ्यातले ताईत सोडवले, तो काय ऐकणार? नाना खाली बसले आणि त्यांनी दादाच्या पोटरीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तो पाय त्यांच्या हाताखाली फिरतोय, आणि हाताला काहीच लागत नाहीये, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. नाना घाबरलेले मी तोवर कधी पाहिले नव्हते. त्यानंतरही नाही.

"कर," ते म्हणाले. "काय करायचं ते कर. लवकर कर."

रमेश मध्ये आला. "वंदा, त्याची शपथ आहे! उठला की जीव देईल तो!"

"उठू दे तर आधी!" मी ओरडले. "हँडल धर त्या सायकलचं!"

रमेशनं सायकल बाजेला लावून हँडल धरलं. मायनं आणि नानांनी दादाला बाजेच्या कडेला बसतं केलं. मी मातीत बसले. त्याच्या दोन्ही पायांच्या पोटऱ्या मी दोन हातांनी आवळल्या आणि सगळा जीव लावून खाली दाबल्या. पाय मला वर उचलत होते. टाचा मातीला लागायच्या आणि परत सुटायच्या. मी "दादा उतर, दादा उतर" म्हणत होते, रडत होते. काही उपयोग नाही. मग मला कळलं की मी चुकीच्या माणसाला सांगतेय.

 मी, नानांची मुलगी, चारचौघांदेखत हे बोलणार होते. पण भाऊ डोळ्यांसमोर निळा पडत होता.

मी म्हणाले, "मामा, उतरा. गाव आलं. पोचलात तुम्ही."

पाय थांबले.

तळवे मातीवर सपाट टेकले. एक क्षण काहीच नाही. आणि मग माझ्या हातांखाली दादाच्या दोन्ही पोटऱ्या एकदम दगडासारख्या घट्ट झाल्या. दादानं डोळे उघडले आणि गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असा बोंबलला, "आई गं! गोळा आला! पायात गोळा आला वंदे!"

आयुष्यात कुणाच्या ओरडण्यानं मला इतका आनंद झालेला नाही. तो ओरडत होता आणि मी त्याच्या पोटऱ्या चोळत हसत होते, रडत होते. ते पाय आता दुखत होते म्हणजे त्याचे होते. मायनं त्याला छातीशी धरलं. नाना उठून बांबूकडं तोंड करून उभे राहिले, बराच वेळ वळले नाहीत.

रमेशनं मला संध्याकाळी हळूच सांगितलं, "वंदा, कुणाला बोलू नको. तू मामा म्हणालीस ना, तवा सीटवरचं वझं उतरल्यावानी झालं. सायकल माझ्या हातात हलकी झाली." सायकल तर रिकामी होती.

दादा काही महिने माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचं म्हणणं, मी त्याला अर्ध्यात उतरवलं. गावानं मात्र ते नाव परत कधी घेतलं नाही. त्या दुपारबद्दल कुणी चेष्टा करायला धजलंच नाही.

पुढं मी शिकले. कॉलेजात सरांना विचारलं, अर्थात दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून. सर म्हणाले, चालण्याची लय मणक्यातच असते, मेंदू झोपला तरी पाय काही काळ चालू शकतात. अति थकव्यात, जागरणात असलं होतं. मला पटलं. मग मी विचारलं, "सर, पण स्नायू सैल असताना?" सर म्हणाले, "सैल असताना हलणारच नाहीत. तुझी हात लावण्यात चूक झाली असेल." चूक माझी एकटीची असती तर मी मानली असती. नानांच्या हातालाही तेच लागलं होतं.

दादानं स्वतःहून तो विषय काढला तो फार वर्षांनी. मी नांदेडहून माहेरी गेले होते. त्याची मुलगी अंगणात लहान सायकल शिकत होती. तो तिच्याकडं बघत म्हणाला, "वंदे, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी सायकल चालवतच नव्हतो. मी पुढं दांडीवर बसलो होतो. लहान पोरावानी. मागून मामा चालवत होते. बिडीचा वास येऊन राहिला होता. इतकं निवांत मला कधीच वाटलं न्हाई बघ. मी विचारलं, मामा, कुठवर जायाचं? म्हणले, गाव येईस्तोवर."

मऊ पडलेल्या पायांचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. मामांच्या नावानं हाक मारली तेही नाही. मायला आणि नानांना मी तंबी दिली होती, रमेशनं तर तो विषयच टाकला होता, आणि गावात त्या दुपारचं नाव कुणी काढत नव्हतं.

मी विचारलं, "मग?"

"मग तुझा आवाज आला, गाव आलं म्हणून. मामांनी सायकल थांबवली अन् उतरले. मी बी उतरायला लागलो, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले — तू थांब लेकरा, तुझं गाव न्हाई आलं अजून."

दादा हे सांगताना हसत होता. त्याला ती आठवण गोड वाटते. मामांनी आपल्याला थकव्यात मदत केली असंच त्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. मामांना गाव माहीत नव्हतं, आणि ते माझ्या भावाला दांडीवर बसवून कुठं निघाले होते, हा विचार आजही मला सोडत नाही. मी अजून थोडा वेळ "दादा उतर, दादा उतर" असंच म्हणत राहिले असते तर? मामा दादाला घेऊन कुठं पोचले असते, याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

दादाकडं गेले की दुपारी तो झोपतो तेव्हा मी त्याच्या पायाशी जाऊन बसते. झोपेत पाय हलतो कधीकधी, सगळ्यांचाच हलतो. मी पोटरीवर हात ठेवते. ती घट्ट लागली की मग मी बाहेर येऊन चहा टाकते.